भावनांची वही: रोजच्या लिखाणातून कथा-कवितेची सामग्री कशी साठवावी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ दुसरा, ‘कोयनेतून किती सोडलंय?’ आयर्विन हा इथला कृष्णेवरचा पूल आणि कोयना हे वरच्या अंगाचं धरण. पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात आमच्या गावभागात ‘मला भीती वाटतेय’ हे वाक्य मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. सगळे फूट विचारत होते.

मी मात्र रोज रात्री मेणबत्तीच्या उजेडात वहीत लिहीत होते, ‘आज खूप भीती वाटली. पुढे काय होणार कळत नाही. मन सुन्न झालंय.’ अशी सहा पानं आहेत. दोन वर्षांनी त्यावर कथा लिहायला बसले, तेव्हा त्या सहा पानांतलं एकही वाक्य कामाला आलं नाही. कामाला आली ती समासात आडवी खरडलेली एक ओळ: ‘समोरच्या काकू जिन्यावर उभ्या राहून पायऱ्या मोजतात. सकाळी म्हणाल्या, सात राहिल्या. दुपारी, पाच.’

पाण्याबाहेर उरलेल्या पायऱ्या. कथा तिथून सुरू झाली आणि तिथेच संपली. सहा पानं भीतीबद्दल होती. त्या एका ओळीत भीती होती.

त्यानंतर मी वही लिहिण्याची पद्धत बदलली. आमच्या घरी दर रविवारी काही जण लिहायला जमतात. त्यांनाही हीच पद्धत सांगते आणि त्यांच्याकडून शिकत तिच्यात बदल करत आले आहे. ज्यांना कथा, कविता, एकांकिका लिहायची आहे आणि ‘विषयच सुचत नाही’ असं वाटतं, त्यांच्यासाठी ती इथे पायरीपायरीनं मांडते.

वही कसली घ्यावी

साधी, आखीव, दोनशे पानी. सुंदर बांधणीची डायरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिच्यात माणूस नकळत सुंदर अक्षरात सुंदर वाक्यं लिहायला लागतो, आणि इथे सुंदर वाक्यांचं काही काम नाही.

लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं सोडायचं. ते कशासाठी, ते पुढे येईल. शेवटची चार पानं सूचीसाठी राखून ठेवा. प्रत्येक नोंदीच्या वर तारीख, वेळ आणि जागा लिहा. जागा म्हणजे नुसतं ‘घरी’ नको. ‘स्वयंपाकघर, ओट्याशी, उभ्यानं’ असं लिहा. पाच वर्षांनी पान उघडाल तेव्हा त्या ‘उभ्यानं’ शब्दामुळे पाठीतली कळसुद्धा आठवेल.

मोबाईलवर लिहिलं तर चालेल का, हे दर वेळी कुणीतरी विचारतं. एसटीत, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर दोन शब्द टिपून घ्यायला मोबाईल फार चांगला. पण रात्री ते दोन शब्द हातानं वहीत उतरवा. हात सावकाश चालतो, आणि त्या सावकाशीत टिपणात नसलेलं काहीतरी आठवतं.

एकत्र कुटुंबात वही ठेवायची कुठे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या गटातली एक जण वही डाळीच्या डब्यात ठेवायची, कारण घरात त्या डब्याला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नसे. दुसरी एक जण माणसांची नावं न लिहिता ठरवलेली अक्षरं लिहिते. ‘हे कुणी वाचलं तर?’ ही धास्ती मनात असेल तर हात खोटं लिहितो, वाक्यं आपोआप सभ्य होतात. म्हणून जागा आधी पक्की करा. लिखाण दोन दिवस उशिरा सुरू झालं तरी काही बिघडत नाही.

पहिले चार दिवस

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील या सहकारी संशोधिकेबरोबर १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, तर काहींनी आयुष्यातल्या क्लेशदायक घटनांबद्दल. ज्यांनी घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्त उदास वाटलं. पण पुढच्या महिन्यांत दवाखान्याची पायरी त्यांनी इतरांपेक्षा कमी वेळा चढली. त्यानंतर या पद्धतीवर पुष्कळ काम झालं आहे. हा प्रयोग लेखक घडवण्यासाठी नव्हता, तरी लेखकाला त्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: पंधरा मिनिटांची मर्यादा, आणि घटना व भावना एकत्र लिहिण्याची अट. नुसती घटना लिहिली तर ती बातमी होते. नुसती भावना लिहिली तर माझ्या त्या सहा पानांसारखं होतं.

तर पहिले चार दिवस असे करा. गजर पंधरा मिनिटांचा लावा. पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. विषय निवडताना आयुष्यातली सगळ्यात खोल जखम घेऊ नका, मधली घ्या. नोकरीच्या मुलाखतीत झालेला अपमान, बहिणीशी तुटलेलं बोलणं, विकलेलं घर. चारही दिवस तीच एक गोष्ट लिहा. पहिल्या दिवशी तक्रार येते. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार जास्त चांगल्या शब्दांत येते. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. बहुतेकांच्या बाबतीत या कंटाळ्यानंतरच काहीतरी नवं कागदावर येतं, कारण तोवर पाठ झालेली हकिकत संपलेली असते.

गजर वाजला की वही मिटा आणि पाच-दहा मिनिटं हातांना काम द्या. भांडी घासा, कुंड्यांना पाणी घाला, मेथी निवडा. लिखाणातून उठून थेट झोपायला जाऊ नका.

एक गोष्ट मनापासून सांगते. लिहिल्यामुळे झोप उडत असेल, तेच ते विचार दिवसभर घोळत असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि जिवंत माणसाशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मोफत बोलता येतं. कथा नंतर लिहिता येते.

पान कसं लिहायचं

चार दिवसांनी हात मोकळा होतो. आता रोजच्या नोंदीला आकार द्यायचा.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हापासूनची नाटकाची परंपरा हे गाव सांगतं आणि नाट्यपंढरी म्हणून मिरवतं. तेव्हा आपल्या वहीसाठी नाटकाच्याच जुन्या शास्त्रातली तीन खणांची मांडणी घेऊ. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथातलं रससूत्र सांगतं की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस, म्हणजे प्रेक्षकाला मिळणारा भावनेचा आस्वाद, निर्माण होतो. विभाव म्हणजे भावना ज्यामुळे आणि ज्या परिसरात जागी झाली ते. अनुभाव म्हणजे ती बाहेर दिसली कशी, ते. व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेच्या पोटात क्षणभर येऊन जाणाऱ्या लहान भावना. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मुख्य भावना म्हणजे स्थायी भाव, तिचा त्या सूत्रात उल्लेखच नाही. शोक किंवा भय असं नाव घेऊन रस निर्माण होत नाही. तो या तीन गोष्टी एकत्र आल्या की होतो. मला हे कळलं तेव्हा पायऱ्या मोजणाऱ्या काकू आठवल्या.

आता माझंच एक पान दाखवते. मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या दिवशी जुन्या सवयीनं मी लिहिलं असतं, ‘आज तो गेला. फार वाईट वाटलं. घर खायला उठतंय.’ त्याऐवजी हे लिहिलं:

‘विभाव: एसटी स्टँड, सकाळी पावणेसहा. स्वारगेटची गाडी. त्याच्या पाठीवर नवी सॅक, किमतीची चिठ्ठी अजून बंदाला लोंबतेय. चहाच्या गाड्यावर दूध उतू गेल्याचा वास.

अनुभाव: मी तीनदा विचारलं, चार्जर घेतलास ना? तिसऱ्यांदा आवाज चिडका आला. चिठ्ठी तोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. गाडी निघाल्यावर मी हात हलवला, तो मोबाईलमध्ये बघत होता. घरी येऊन चहाला तीन कप पाणी ठेवलं.

व्यभिचारी: गाडी लवकर सुटावी असं वाटत होतं. त्याचा राग आला. परतीच्या रिक्षात एकदम हलकं वाटलं. हलकं वाटल्याची लाज वाटली.’

हे लिहायला बारा मिनिटं लागली. दुःख हा शब्द यात कुठेच नाही.

तीनही खण भरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. विभावात निदान एक वास किंवा एक आवाज यायलाच हवा, कारण डोळ्यांना दिसलेलं आपण तसंही लिहितोच. अनुभावात बोललेली वाक्यं जशीच्या तशी, शब्द न सुधारता. आपली माणसं भावना क्वचितच थेट बोलतात. ती ‘जेवलास का’, ‘चार्जर घेतलास का’, ‘किती फूट’ असं काहीतरी बोलतात. भावना कुठल्या वाक्याचं पांघरूण घेऊन आली, ते टिपायचं.

शरीराच्या खुणा लिहिताना नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव समोर ठेवा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी खिळणं, घाम, अंगावर काटा, आवाज फाटणं, थरथर, चेहऱ्याचा रंग उडणं, रडू आणि शुद्ध हरपणं. आठांपैकी आपण लिहिताना सातव्यावरच अडकलेले असतो. मराठी कथांमधल्या डोळ्यांत इतकं पाणी का येतं, त्याचं हे एक कारण असावं.

तयार वाक्प्रचारांपासून सावध राहा. पोटात गोळा येणं, काळजात धस्स होणं, पायाखालची वाळू सरकणं. वहीत ते आले तर येऊ द्या, खोडू नका. फक्त पुढे लगेच लिहा, ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ गोळा आला म्हणजे पुढचा घास ताटात परत ठेवला? की उगाच पाणी प्यायलात? कथेत जाईल ते हे उत्तर.

आणि तिसरा खण कधीही रिकामा सोडू नका. मुख्य भावनेशी न जुळणारं, कबूल करायला जड जाणारं काहीतरी तिथे असतंच. अंत्ययात्रेत लागलेली भूक, मैत्रिणीच्या लग्नात वाटलेली असूया, वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी नव्या चपलेकडे गेलेलं लक्ष. माझ्या अनुभवात दहापैकी आठ कथा याच खणातून निघतात.

शब्द नेमका शोधणं

भावनेला नाव द्यायचंच नाही, असं मी म्हणत नाहीये. वहीत जरूर द्यावं, आणि अगदी नेमकं द्यावं. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी होते. नाव दिल्यानं भावना थोडी हातात येते. आणि नावांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. आपण मात्र वाईट, छान आणि टेन्शन एवढ्या तीन शब्दांत दिवस काढतो.

हे शब्द जवळजवळ ठेवून बघा. चुटपुट म्हणजे लहानशी गोष्ट राहून गेल्याची टोचणी. पाहुणे गेल्यावर आठवतं की त्यांना आंब्याची फोड द्यायची राहिली. रुखरुख त्याहून लांब टिकते, सगळं नीट झालं तरी एक जागा भरत नाही. खंत जुनी होऊन बसलेली असते, तिच्यात स्वतःला दिलेला दोष असतो. हळहळ बहुधा दुसऱ्यासाठी असते. हुरहूर लागते ती अजून न घडलेल्याची किंवा नुकतंच दूर गेलेल्याची, आणि तिच्यात थोडा गोडवा असतो. घालमेल होते ती दोन बाजूंनी ओढ असताना. कालवाकालव पोटात होते आणि तिच्यात माया असते. तगमगीत अंग स्थिर राहत नाही. धास्ती ही भीतीपेक्षा मुरलेली, रोजची. एसटी स्टँडच्या त्या सकाळी मला काय झालं होतं? मी आधी कालवाकालव लिहिलं. दोन दिवसांनी वाचलं तेव्हा जाणवलं, ती घालमेल होती. त्यानं राहावं आणि त्यानं जावं, दोन्ही हवं होतं. तो एक शब्द बदलला आणि तिसऱ्या खणातली ‘गाडी लवकर सुटावी’ ही ओळ मला समजली.

नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांची यादी आहे: निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, मद, श्रम, आलस्य, दैन्य, चिंता, मोह, स्मृती, धृती, व्रीडा अशी ती पुढे जाते. ती कागदावर उतरवून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. रविवारी एक शब्द उचलायचा आणि तो गेल्या आठवड्यात आपल्याला कुठे भेटला ते शोधायचं. व्रीडा म्हणजे लाज, संकोच. गेल्या आठवड्यात किती वेळा, कुणासमोर? एका वेळी एकच शब्द घ्या.

घरात बोलतो ती भाषाच वहीत येऊ द्या. आपल्याकडे माणूस म्हणतो, ‘कसंनुसं व्हायलंय.’ त्याचं ‘अस्वस्थ वाटत आहे’ करू नका. ‘लई जिवाला लागलं’ म्हणणारी आजी ‘मी व्यथित झाले’ असं वहीत बोलली, तर ती आजी उरत नाही.

डावं पान

निदान दोन दिवस जाऊ द्या. मग तोच प्रसंग डाव्या पानावर समोरच्या माणसाच्या तोंडून, ‘मी’ वापरून लिहा. सात-आठ ओळी पुरेत. माझ्या त्या डाव्या पानावर मुलगा म्हणतो, ‘मोबाईलमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. वर बघितलं असतं तर खाली उतरलो असतो. चिठ्ठी लोंबत होती हे मला कऱ्हाड गेल्यावर कळलं.’

हे खरं आहे का? मला ठाऊक नाही आणि मी त्याला विचारलेलंही नाही. उजव्या पानावर जे घडलं ते आहे, डाव्यावर जे घडू शकतं ते. डाव्या पानावर तुम्ही कल्पित लिहायला लागलेले असता. ज्यांच्याशी भांडण आहे, त्यांच्या बाबतीत हे पान फार जड जातं. दोन ओळींत शिव्या लिहून थांबलात तरी चालेल, पुढच्या आठवड्यात परत या.

पेव

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळदीची जुनी पेवं आहेत. जमिनीत खोल खोदलेली कोठारं. शेतातून काढलेली ओली हळद शिजवायचे, उन्हात वाळवायचे, मग ती पेवात उतरवून तोंड बंद करायचे. हवा लागत नसे, म्हणून हळद टिकायची. आणि पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे; आत कोंडलेली हवा जीवघेणी असते, ती आधी निघून जाऊ द्यावी लागायची.

वहीचंही असंच करायचं. लिहिलेली गोष्ट ताबडतोब कथेत घालू नका. राग ओला असतो, तोवर कथेतली सगळी पात्रं तुमच्याच बाजूनं बोलतात आणि समोरचं पात्र खलनायक होतं. किती थांबायचं? रोजच्या लहान गोष्टींना तीन महिने पुरतात. मृत्यू, फारकत, मोठं नुकसान यांना वर्ष, दोन वर्षं, कधी जास्त. मोजमाप एकच सांगू शकते: पान वाचताना तुम्हाला समोरच्याचं एखादं वाक्य रास्त वाटलं, तर हळद वाळली.

महिन्यातून एकदा, ठरवलेल्या दिवशी, जुनी पानं उघडा. पण पहिल्या दिवशी नुसती वाचा. दुसऱ्या दिवशी रंगीत पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक पानावर तीनच गोष्टींखाली रेघ ओढा: एक वस्तू, एक बोललेलं वाक्य, आणि तिसऱ्या खणातली एक ओळ. मग सूचीच्या पानांवर भावनेचं नाव आणि पान क्रमांक लिहा. ‘घालमेल: १४, ३७, ८१.’ वर्षाअखेर सूची बघितली की स्वतःबद्दल बरंच कळतं. माझ्या एका वर्षाच्या सूचीत ‘धास्ती’पुढे एकोणीस आकडे होते आणि ‘आनंद’पुढे दोन.

म्हणून आनंदाच्या दिवशीही लिहा, हे आवर्जून सांगते. आपण खुशीत असलो की वहीकडे फिरकत नाही. तेच तीन खण आनंदाला लावून बघा, फार अवघड जातं. पण त्याशिवाय तुमच्या कथेतलं लग्न, बारसं, निकालाचा दिवस सगळे एकाच साच्यातले होतील.

वहीतून कथेकडे

आता खरं काम. नियम एकच: भावना ठेवायची, प्रसंग बदलायचा.

सूचीतून एक पान निवडा. तिसऱ्या खणातली ओळ वेगळ्या कागदावर लिहा. माझी ओळ होती, ‘हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.’ मग विचारा, हे आणखी कुणाला वाटू शकेल? वय, लिंग, काम, गाव, नातं यातल्या निदान तीन गोष्टी बदला. मी तासगावकडच्या वाडीतली एक थोरली सून घेतली. दाराशी बेदाण्याची शेड, घरात चार वर्षं अंथरुणाला खिळलेली सासू. धाकटा दीर सासूला महिनाभरासाठी आपल्याकडे न्यायला आलाय.

पुढची पायरी: वहीतली एक कृती किंवा एक वाक्य सोबत न्यायचं, नव्या घरात बसेल असं करून. माझा चार्जरचा प्रश्न गोळ्यांच्या पिशवीचा झाला. मग वही मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. हे शब्दशः करा. वही समोर असली की ‘पण असंच घडलं होतं’ हा हट्ट सुटत नाही आणि कथेला स्वतःच्या पायांवर चालता येत नाही. मग तीनशे शब्दांत एकच दृश्य लिहा, भावनेचं नाव न घेता. माझ्या दृश्याचा शेवट असा झाला:

‘गोळ्यांची पिशवी घेतली नव्हं?’ थोरलीनं तिसऱ्यांदा विचारलं. दीर बोलला नाही. जीप शेडच्या पलीकडे वळली. ती आत आली. कॉट उभी करून भिंतीला लावली. खाली फरशीचा चौकोन वेगळ्याच रंगाचा निघाला. तिनं तो पुसला. परत पुसला. मग कॉट होती तशी खाली घातली, वर चादर ओढली आणि कडेला उभी राहिली.

चौकोन माझ्या वहीत नव्हता. तो लिहिताना आला. पण चहाला ठेवलेलं तिसऱ्या कपाचं पाणी वहीत नसतं, तर तो आला नसता. गेलेल्या माणसाची जागा वस्तू कशी धरून ठेवते, हे त्या सकाळी मी लिहून ठेवलं होतं.

कविता लिहायची असेल तर उलट चाला. प्रसंग, माणसं, संवाद सगळं सोडा आणि एकच वस्तू घ्या. त्या पानावर ती उघडच आहे: सॅकच्या बंदाला लोंबणारी चिठ्ठी. तिच्याबद्दल दहा ओळी लिहा, आई आणि मुलगा हे शब्द न वापरता.

एकांकिकेसाठी अनुभावाचा खण उघडा आणि पांघरूण घेतलेलं वाक्य शोधा. ‘चार्जर घेतलास ना?’ हे वाक्य नाटकात तीनदा यायला हवं आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा व्हायला हवा. पहिल्यांदा चौकशी, दुसऱ्यांदा थांबवून धरणं, तिसऱ्यांदा आरोप. हे जमलं की दृश्य उभं राहतं, नेपथ्याला दोन खुर्च्या पुरतात.

वहीतल्या माणसांचं काय

मी एक चूक केली आहे. माझ्या एका आत्यानं, काका गेल्यानंतर काही महिन्यांनी, स्वयंपाकघरात माझ्याशी बोलताना एक वाक्य उच्चारलं. मी ते वहीत लिहिलं आणि वर्षभरानं एका कथेत जसंच्या तसं घातलं. कथा छापून आली, आत्यानं वाचली. ती काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीत गेले तेव्हा तिनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा तिथे आणून दिला. स्वयंपाकघरात मला तिनं पुन्हा बोलावलं नाही. ते वाक्य मी इथेही लिहीत नाही.

आता मी असं करते. वहीत सगळं लिहिते, कारण वही माझी आहे. पण कथेत जाणारं वाक्य एकांतात, विश्वासानं सांगितलेलं असेल, तर आधी विचारते. नाही म्हटलं तर त्या वाक्यामागची भावना ठेवून वाक्य बदलते. दर वेळी नवं वाक्य शोधावं लागतं, आणि ते बहुधा सापडतं. पायऱ्यांची कथा पाठवण्याआधी मी काकूंना वाचून दाखवली होती. त्या म्हणाल्या, ‘पाच नव्हं, चार राहिलेल्या.’ मी चार केल्या.

आजार, कर्ज, घरातली मारहाण, जात या गोष्टींत माणूस ओळखू आला तर त्याचं खरं नुकसान होतं. तिथे नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, व्यवसाय, मुलांची संख्या, सगळं बदला, आणि तरीही ओळख पटत असेल तर ती कथा पेवातच राहू द्या.

अडलं तर

‘आज काहीच घडलं नाही’ असं वाटलं, तर दिवसभरात हातांनी काय काय केलं ते लिहा. चौथ्या-पाचव्या ओळीला काहीतरी हाती लागतं. रोज तेच गाऱ्हाणं येत असेल, तर त्याच प्रसंगातली खोली लिहा, माणसं वगळून. खंड पडला तर मागचे दिवस भरून काढू नका, आजची तारीख घाला आणि लिहा. आठवड्यातले चार दिवस साधले तरी पुष्कळ झालं.

वह्या कुठे ठेवायच्या

२००५ च्या पुरात माझ्या सहा वह्या गेल्या. त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर गाळातून काढल्या, गच्चीवर वाळत घातल्या. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. २०१९ ला मी आधी वह्या वर नेल्या, मग गहू.

तेव्हा नदीकाठच्या माणसांनी वह्या वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवाव्यात, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून घट्ट बांधून. आत एक खडा कापूर टाकावा. सूचीच्या चार पानांचे आणि रेघा ओढलेल्या पानांचे फोटो काढून मोबाईलवर ठेवावेत. शाईचं पेन वापरू नये, बॉलपेन पाण्यात जास्त टिकतं. पेटीवर ‘जुनी बिलं’ असं लिहिलं तर कुणी उघडत नाही. जून लागला की मी एकदा माळ्यावर चढते आणि पिशवीची गाठ तपासून खाली येते.